काटा दुसऱ्यानं वाचायचा

उस्ताद, तुमचा तारेतली वीज मोजायचा टोंग टेस्टर अजून चालतो. कातडी पाकिटाची शिवण दोनदा घालून घेतली, काच एका कोपऱ्यात तडकली आहे, आकडे घासून पुसट झालेत, पण जबडा उघडून तारेभोवती बसवला की काटा उठतो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि लिहून उपयोगही नव्हता, कारण तुम्हाला उर्दूशिवाय दुसरं वाचता येत नव्हतं. परभणीच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मराठी चिठ्ठ्या यायच्या त्या मी तुम्हाला वाचून दाखवायचो. सातवी नापास माणसाला तुम्ही सगळ्यांसमोर "हमारे मुन्शी" म्हणायचात आणि मी दिवसभर ताठ चालायचो. आता मी बोरीला लेकीच्या घरी बसलो आहे. ती इथल्या शाळेत शिकवते, तिच्याच एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे. दुपार आहे. बाहेर अंगणात एक गाडी उभी आहे आणि तिच्यापायी चार दिवस मला धड जेवण गेलेलं नाही. हे लिहितानाही दोनदा उठून तिची वायर हाताला गरम लागते का ते बघून आलो.

तुम्ही अशी गाडी पाहिली नसेल. सतरा माणसं बसतात तसला लांब टेम्पो घ्यायचा, आतले बाक काढून टाकायचे आणि घर मांडायचं. दोन पलंग, हातभर ओटा, लोखंडी पेटीएवढा फ्रीज, कपाटाएवढी मोरी, छतावर एसी आणि सोलरची पाटी. लोक मोटारहोम म्हणतात. माझी बायको घरगाडी म्हणते. जावयानं ती पंधरा दिवसांसाठी शहरातून भाड्यानं आणली आहे, कारण बायकोला वैशाखी पौर्णिमेला बुद्धगयेला पोचायचं आहे. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण त्यांच्या घरात कुणीतरी तिथून आणलेलं पिंपळाचं एक वाळकं पान काचेत लावलेलं होतं. पानाची नुसती जाळी उरलेली. ती काच लग्नात तिच्याबरोबर आमच्या पेडगावच्या घरी आली. पन्नास वर्षं ती त्या जाळीकडं बघत आली आहे आणि आता म्हणते, झाड बघायचं. एवढंच मागते. बाकी कशाला तिनं मला कधी अडवलं नाही.

पण तिची फुप्फुसं गेली आहेत, उस्ताद. तीन वर्षं झाली, पलंगाशेजारी एक मशीन असतं, हवेतून प्राणवायू गाळून नळीनं नाकात सोडतं. उठून बसून बोलायला, चार पावलं चालायला तिला ते लागत नाही. पण दुपारी आडवी झाली की, आणि झोपेत, ते लागतंच. मशीन विजेवर. म्हणून रेल्वे नाही, एसटी नाही. म्हणून ही गाडी. आणि लेकीला सुट्टी उन्हाळ्यातच, पौर्णिमाही उन्हाळ्यातच, तेव्हा एसी पाहिजे. एसीशिवाय त्या उन्हात तिला नेणं म्हणजे तिला मारायला नेणं. एवढं सगळं एका वायरीवर लटकलेलं आहे. मला रात्रंदिवस दुसरं सुचत नव्हतं.

गाडीला मुक्कामावर बाहेरून वीज द्यायची तर एक जाड निळा प्लग आहे. सोळा अँपिअरचा. कुठल्या लॉजच्या आवारात किंवा पेट्रोल पंपावर थांबलं की तिथल्या बोर्डात ही वायर लावायची. तिच्यातून सोळापेक्षा जास्त ओढलं की आतला ब्रेकर पडतो. जावई हुशार माणूस आहे, कचेरीत मोठ्या जागेवर आहे. त्यानं एका कागदावर सगळं लिहून फ्रीजवर चिकटवलं: एसी पाच, प्राणवायूचं मशीन दीड, पाणी तापवायची किटली साडेसहा, इंडक्शनची शेगडी आठ, फ्रीज, दिवे आणि पंखा मिळून एक. म्हणाला, "मामा, एवढंच लक्षात ठेवायचं, शेगडी आणि किटली एका वेळी लावायची नाही." मी मान डोलावली. 

आणि पहिल्याच दिवशी झालं. दुपारी बायको गाडीतल्या पलंगावर नळी लावून पडली होती, सवय व्हावी म्हणून. एसी चालू. लेकीनं हौसेनं शेगडीवर चहाला दूध ठेवलं, आणि जावयानं, ज्यानं स्वतः कागद लिहिला त्यानंच, मला आंघोळीला पाणी पाहिजे म्हणून किटली लावली. मिनिटभर सगळं चाललं. मग खट् झालं आणि गाडी गप्प झाली. एसी गप्प, फ्रीज गप्प, आणि मशीन बारीक आवाजात ओरडायला लागलं. मी अंगणातल्या बाजेवरून उठून गाडीतल्या बोर्डापर्यंत धावलो. माझं वय एकाहत्तर. बायको उठून बसली होती, तोंड उघडं, एक हात पलंगाच्या काठावर. मला बघून तिनं दुसऱ्या हातानं खूण केली, सावकाश. मी ब्रेकर वर केला. एवढंच. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. जावयाच्या मनाला फार लागलं. त्यानं दाखवलं की इन्व्हर्टरचं बटण त्यानं बंद ठेवलं होतं, ते चालू असतं तर बाहेरची वीज गेल्याक्षणी बॅटरीनं मशीन उचललं असतं. लगेच बटण चालू करून त्यानं मुद्दाम प्लग उपटला. खरंच, मशीन डोळ्यांची पापणी लवण्याएवढंही थांबलं नाही. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी त्या दिवसापासून माझ्या कानात तो बारीक ओरडा बसला आहे.

दुसऱ्या दिवशी बॅटरीनं मला घोर लावला. जावई म्हणतो, बॅटरीवर हेच मशीन बत्तीस अँपिअर घेतं. काल दीड म्हणाला, आज बत्तीस! मी म्हटलं, "जावईबापू, एका मशीनच्या दोन जिभा कशा?" तो समजवायला लागला, व्होल्ट, वॅट, गुणाकार. मला काही कळेना, आणि मग एकदम तुम्ही आठवलात. दुकानाच्या दारात धान्याच्या मोंढ्यातला हमाल पोतं टाकून बसलेला, आणि तुम्ही मला सांगताय: हे ज्वारीचं पोतं समज. आत न्यायचंच आहे. मोठं टोपलं असलं तर दहा फेऱ्यांत जाईल, वाटी असली तर दोनशे फेऱ्या. "पोता वोइच है मियाँ. लेकिन दरवाजे में भीड कित्ती होती, वो देख." टोपलं म्हणजे व्होल्ट, फेऱ्या म्हणजे अँपिअर, दार म्हणजे तार. दारात गर्दी झाली की दार तापतं. मला ते पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं आणि मी विसरलो होतो. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे वाटी. म्हणून फेऱ्या जास्त, म्हणून तिच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड. मी वहीवर मांडलं: बॅटऱ्या दोन, दोन्ही मिळून तीनशेच्या, ताशी बत्तीस गेले तर नऊ तास, आणि तळ गाठायचा नाही म्हणून आठ धरायचे. आठ तास ती वाऱ्यावर नाही. चालत्या गाडीत तर इंजिनही भरत राहतं. माझी मला खात्री झाली. पण खात्री झाली की भीती जाते असं माझं कधी झालेलं नाही. तुमचा टेस्टर काढला आणि बॅटरीच्या जाड तारेवर लावला. काटा शून्यावरून हलेना. बॅटरी मेली म्हणून ओरडणार होतो, तेवढ्यात ध्यानात आलं की तुमचा टेस्टर घरातली वीज मोजतो, बॅटरीची नाही. हेही तुम्हीच सांगितलेलं.

तुम्हाला पालमची चक्की आठवते? मला कामाला लागून वर्ष झालं असेल. बाविशी ओलांडलेली, लग्न झालेलं, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायचं वय. तुम्ही मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं, हा टेस्टर गळ्यात अडकवून. पिठाच्या गिरणीची मोटार तापते अशी तक्रार होती. मी मोटार सुरू केली, एका तारेला जबडा लावला. काटा उसळला तो साठच्या पुढं, आणि घाबरून माझ्या बोटानं काटा अडकवायचा खटका दाबला गेला. काटा तिथंच अडकला. मी तो आकडा वाचला, गिरणीवाल्याला दाखवला, म्हटलं आतलं तांब्याचं वाइंडिंग जळालंय. मोटार काढली, एसटीच्या टपावर टाकून परभणीला आणली. तुम्ही ती उघडून बघितलीत. आत तांबं नव्यासारखं लखलखत होतं. बेअरिंगला फक्त ग्रीस नव्हतं. तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणालात, "उठते वक्त सबकू जोर लगता रे. तू उठते का आकडा लेके आया. चलते में कित्ता पीती, वो देखा?"  मग तुम्ही मला मोटार बसवून परत पाठवलंत, एकट्याला, आणि सांगितलंत की चूक कुणाची ते गिरणीवाल्याला माझ्याच तोंडानं सांगायचं. चार दिवस गाव दळणाला दुसरीकडं पायपीट करत होतं. मी सांगितलं तेव्हा गिरणीवाला कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "आरं, मंजी धडधाकट मोटारीला आजारी पाडून दवाखान्यात नेऊन आणलंस व्हय?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यानंच मला जेवायला बसवलं.

त्यानंतर तुम्ही दुकानाचा कायदा केलात, आणि तो मी पुढं आयुष्यभर पाळला. जो तार धरतो त्यानं काटा वाचायचा नाही. काटा दुसऱ्यानं वाचायचा, मोठ्यानं. तुमचं म्हणणं होतं की काम करणाऱ्याला जो आकडा पाहिजे असतो तोच दिसतो. दुकानात मी धरायचो, तुम्ही वाचायचात, किंवा उलटं. पुढं मी पेडगावला माझं स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा वाचायला कोण? मग बायकोला शिकवलं. विहिरीवरच्या मोटारी, शेतातले बोअर, मी डबक्यात पाय ठेवून जबडा लावायचा आणि ती बांधावर उभी राहून, पदर खोचून, वाकून मोठ्यानं वाचायची: "उठताना तीस... आला खाली... आता अकरा!" गडी माणसं हसायची, म्हणायची, मिस्तरी बायकोला इचारल्याबिगर मोटार चालू करत न्हाई. तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं होतं. खटका दाबल्याचा आवाज आला की ती चिडायची, "न्हाई, तसं न्हाई, काटा मोकळा सोडा."

आता मी कालचं सांगतो. तेच सांगायला बसलो होतो, आणि इतका वेळ टाळत आलो.

काल जावई म्हणाला, "मामा, निघायच्या आधी एकदा तुमच्या त्या जुन्या मीटरवर सगळं मोजून घेऊ. तुमची शंका मिटेल." मी आधीच वायरीचा एक तुकडा सोलून आतल्या तारा सुट्या करून ठेवल्या होत्या, कारण जबड्यात एकच तार घ्यावी लागते, दोन्ही घेतल्या की काटा शून्यावर बसतो. बायको गाडीच्या दारात बसली होती, नळी नाकात, पाय पायरीवर. लेक तिच्याजवळ उभी. मशीन चालू केलं, फ्रीज चालू, पंखा चालू, शेवटी जावयानं एसी लावला. एसी उठला. काटा उसळून चोवीसवर गेला. आणि उस्ताद, माझ्या बोटानं खटका दाबला. पालमला तो चुकून दाबला गेला होता. काल तो मी दाबला. क्षणात एसी चालू लागला असता आणि काटा खाली येऊन सात-साडेसातवर शांत उभा राहिला असता, हे मला बाराखडीसारखं पाठ आहे. सोळाच्या निम्मेसुद्धा नाही. मी काटा चोवीसवर अडकवला, टेस्टर काढला, छातीशी धरून एकेकाला दाखवला आणि म्हणालो, "बघा. चोवीस. सोळाच्या लायनीवर हे चालायचं न्हाई."

जावई म्हणाला, "पण मामा, ब्रेकर तर पडला नाही." मी म्हणालो, "थंड हाय म्हणून. तापला की पडंल. तवा तुमी काय करणार हायत, रस्त्याच्या मधी?" त्यानं ब्रेकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हिशोब त्याच्या कागदाशी जुळत नव्हता, त्याला कळत होतं. पण तो जावई आहे, आणि मी पन्नास वर्षं या धंद्यात. लेक पायरीवर आईच्या बाजूला बसली. म्हणाली, "आबा, यातलं तुम्हालाच कळतं. तुम्ही नाही म्हणालात तर नाही." मग आईला म्हणाली, "माय, थंडीत बघू. तेव्हा एसी लागणार नाही." माझ्या बायकोनं नळी थोडी सारखी केली. थंडीपर्यंतचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आम्हा चौघांनाही माहीत आहे. जावई गाडीमालकाला फोन करायला फाटकाकडं गेला. मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा त्या चार दिवसांत मला भूक लागली.

संध्याकाळी जेवताना ताटावर आम्ही दोघंच होतो. ती भाकरीचा तुकडा नुसता धरून बसली होती.

"आज काटा तुमीच धरला अन् तुमीच वाचला," ती म्हणाली.

"तुला दम लागतो म्हणून."

"वाचायला दम लागत न्हाई."

मी वरणात भाकरी कुस्करत राहिलो.

"अन् खटका कामून दाबला? शंभर डाव ऐकलाय म्या त्यो आवाज. म्हातारी झाले म्हणून कान गेले व्हय माझे?"

मी म्हणालो, मला भ्या वाटतं. वाटेत काही झालं, वीज गेली, बॅटरी बसली, तिथं ओळखीचा डॉक्टर नाही, मी काय करू. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग भ्या वाटतं म्हणायचं की. अँपिअर कामून सांगायलाव लेकराला?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. ती पुढं म्हणाली, "भ्या मलाबी वाटायलंय. उठताना वाटतंच. सकाळी लावा परत. म्या वाचते."

मी म्हटलं जावयानं गाडी परत न्यायला सांगितली असेल. ती म्हणाली, "न्हाई सांगितली. म्याच थांबवलं त्यास्नी. म्हटलं, मामाला एक दिस द्या." आणि भाकरी खाल्ली.

आज सकाळी तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. स्वतः खुर्ची टाकून बसली, नळी काढून ठेवली होती, चष्मा लावला. मी तार धरली. जावई कागद घेऊन उभा. तिनं एसी लावायला सांगितला आणि वाकून, धापा टाकत, पण शेतातल्या त्याच आवाजात वाचायला लागली. "उठताना चोवीस... काटा मोकळा सोडा... आला, आला खाली... आठ... साडेसात. साडेसात! लिहा जावई." मग तिनं सांगितलं, किटली लावा. साडेसाताचे चौदा झाले. "चौदा. लिहा." मग म्हणाली, शेगडी लावू नका, चहा मी चुलीवर करून आणते, आणि स्वतःच हसली, हसण्यानं खोकला आला. लेक तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, मग काल चोवीस कसे?" मी तोंड उघडलं. माझ्याआधी बायको बोलली, "काल उठतानाचा वाचला त्यांनी. डोळं गेलेत आता. म्हणून तर म्या वाचत असते." जावयानं मान हलवली. विषय संपला. पालमला तुम्ही मला माझ्या तोंडानं सांगायला लावलं होतं. आज माझ्याच माणसांसमोर तिनं मला सांगू दिलं नाही, आणि मीही गप्प बसलो.

उद्या पहाटे निघायचं आहे. लेक डबे भरते आहे, जावई टायरची हवा बघायला गेला आहे, बायको गाडीतल्या पलंगावर नळी लावून झोपली आहे. पिंपळाच्या पानाची काच तिनं कपड्यांत गुंडाळून बरोबर घेतली आहे, झाडाला दाखवायची म्हणे. मशीनचा आवाज इथपर्यंत येतो. मी तो मोजत बसलो आहे.

पण एक राहिलं. माझ्या लेकीच्या बारशाला तुम्ही पेडगावला आला होतात. एसटीनं, पांढरी टोपी, हातात खाऊची पुडी आणि काखेत हा टेस्टर. घरात पाऊल टाकल्याबरोबर तुम्ही थांबलात आणि नाकानं वास घेतलात. चुलीवर, वर तवा झाकून, मी एका मोटारीचं वाइंडिंग वार्निश लावून भाजायला ठेवलं होतं, त्याचा उग्र धूर घरभर कोंडला होता. तुमच्या दुकानात पत्र्याच्या पेटीत शंभराचे बल्ब लावून आपण ते सुकवायचो. माझ्याकडं वीज निम्मा दिवस नसायची, म्हणून मी चूल वापरायचो. त्याच खोलीत ती स्वयंपाक करायची, त्याच खोलीत पाळणा. तुम्ही पाळण्याकडं बघितलंत, तिच्याकडं बघितलंत. तुमचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा चढलेला ऐकला. "चूल्हे पे मोटर पका रा? इसीच कमरे में ये बच्ची सोती, इसीच में वो रोटी पकाती. घर कू मारता क्या?" मी बाहेर नेऊन ठेवलं. जाताना तुम्ही टेस्टर माझ्या हातात दिलात. म्हणालात, माझे डोळे आता काटा वाचत नाहीत, हा तुझा. "लेकिन ज़बान दे. घर में नक्को." मी शब्द दिला. पाळणा मी पडवीत हलवला, आणि तुम्हाला निरोप पाठवला की बंद केलं.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला विचारलं, कशाच्या धुरात काम केलंय का. मी शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, चुलीच्या. डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. तेव्हाही तीच बोलली, माझ्याआधी.

बंद केलं नव्हतं, उस्ताद. तुम्हाला शब्द दिल्यानंतर आणखी सहा वर्षं मी तिच्याच चुलीवर भाजत होतो. तुम्ही गेलात तोवर तुम्हाला वाटत होतं मी पाळला.

ही पानं घडी करून टेस्टरच्या पाकिटात, त्याच्या तडकलेल्या काचेच्या मागं ठेवतो. पाकीट वाटेत तिच्या उशाशी राहणार आहे. काटा तीच वाचते.